नियम, तत्त्व आणि मैत्री
(ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या कल्पनेचा धम्माच्या दृष्टीने विचार)

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक भाषण तयार केले होते. मंडळाने ऐनवेळी अधिवेशन रद्द केल्यामुळे ते भाषण झाले नाही. परंतु 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने ते छापले गेले आणि आज आपल्या चळवळीचा तो एक आधारग्रंथ आहे. जातिसंस्थेची चिकित्सा म्हणून आपण तो वाचतो. त्याच्या अखेरच्या भागात बाबासाहेबांनी 'नियम' आणि 'तत्त्व' यांमध्ये जो भेद केला आहे, त्याकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही. नियम म्हणजे ठरवून दिलेल्या रीतीने करावयाची कृती. तत्त्व म्हणजे कृतीची योग्यता पारखण्याचे साधन. नियम पाळणाऱ्याला विचार करावा लागत नाही. तत्त्वाने चालणाऱ्याला मात्र प्रत्येक प्रसंगी स्वतः निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाची जबाबदारीही घ्यावी लागते. ज्या धर्मात केवळ नियमच उरतात त्या धर्मातून जबाबदारी नाहीशी होते आणि तो धर्म या नावालाच अपात्र ठरतो, असा बाबासाहेबांचा निष्कर्ष आहे.

हा प्रश्न केवळ हिंदू धर्मापुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्याच पिढीत तो अत्यंत तीव्रतेने उभा राहिला होता आणि त्यावर जे उत्तर देण्यात आले ते ख्रिस्ती विचारातील एक मूलभूत सूत्र बनले. माणूस मुक्त होतो तो धार्मिक नियमांच्या पालनाने नव्हे, तर विश्वासाने. आणि तो विश्वास प्रीतीच्या द्वारे कार्य करतो, असे ते सूत्र आहे. बौद्ध वाचकांनी या सूत्राचा अभ्यास का करावा, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. मराठवाड्यात पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातील काही कुटुंबांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि काहींनी त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. औरंगाबाद परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च मिशनरी सोसायटीतर्फे रतनजी नवरोजी या मूळच्या पारशी धर्मोपदेशकाने दीर्घकाळ कार्य केले होते. ज्यांच्याशी आपले नाते आहे त्यांचा विचार समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे. दुसरे कारण असे की, दुसऱ्याचा प्रश्न नीट समजला म्हणजे आपल्या घरातील प्रश्नही स्पष्ट दिसू लागतो.

अंत्युखियातील पंक्तिभेद

येशू स्वतः यहुदी होता आणि त्याचे पहिले अनुयायीही यहुदी होते. यहुदी समाजात मोशेच्या नावाने चालत आलेले नियमशास्त्र होते. सुंता, शब्बाथाचा विश्रामदिन, भक्ष्याभक्ष्याचे निर्बंध ही त्याची ठळक अंगे होत. पुढे पौल आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रचारामुळे ग्रीक व इतर परराष्ट्रीय लोक या पंथात येऊ लागले. तेव्हा प्रश्न निर्माण झाला : ख्रिस्ती होण्यासाठी या लोकांनी आधी सुंता करून यहुदी नियमशास्त्र स्वीकारले पाहिजे काय?

या वादाचे जिवंत चित्र पौलाने 'गलतीकरांस' लिहिलेल्या पत्रात आढळते. इ. स. ५० च्या सुमाराचे हे पत्र आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागातील मंडळ्यांना उद्देशून आहे. त्यातील एक प्रसंग आपल्या वाचकांना फार ओळखीचा वाटेल. अंत्युखिया नगरात येशूचा प्रमुख शिष्य पेत्र हा परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडील काही कर्मठ मंडळी तेथे आली. त्यांच्या भीतीने पेत्राने ती पंक्ती सोडली आणि तो वेगळा राहू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्तीही दूर झाले. पौलाने सर्वांच्या देखत पेत्राला याचा जाब विचारला. पेत्राचे पद मोठे होते आणि त्याने येशूचा प्रत्यक्ष सहवास अनुभवला होता. तरीही पौलाने भीड बाळगली नाही.

म्हणजे ख्रिस्ती स्वातंत्र्याच्या सिद्धान्ताचा उगम कोण कोणाबरोबर जेवतो, या प्रश्नापाशी आहे. महाडचा सत्याग्रह १९२७ साली पाण्यासाठी झाला, परंतु तो केवळ पाण्याचा प्रश्न नव्हता, हे आपण जाणतो. त्याचप्रमाणे अंत्युखियातील वादही केवळ अन्नाचा नव्हता. शुद्धाशुद्धतेचा नियम पाळणे श्रेष्ठ की माणसाचे माणूसपण मानणे श्रेष्ठ, असा तो वाद होता. पौलाने दुसऱ्या बाजूने कौल दिला. ख्रिस्ताशी एकरूप झालेल्यांमध्ये यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, स्त्री आणि पुरुष असा भेद उरत नाही, असे त्याने याच पत्रात प्रतिपादन केले आहे.

स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे

नियमांचे बंधन गेले तर माणसे वाटेल तसे वागतील, हा आक्षेप पौलावर त्याच्या हयातीतच घेतला गेला. त्याचे उत्तर असे की, हे स्वातंत्र्य वासनांना मोकळीक देण्यासाठी नसून एकमेकांची सेवा करण्यासाठी आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, या एका वचनात संपूर्ण नियमशास्त्र सामावले आहे, असे तो सांगतो. येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. शेजाऱ्यावरील प्रीतीचे हे वचन मूळचे यहुदी धर्मग्रंथातीलच असून ते 'लेवीय' या ग्रंथात आहे. येशूच्या थोडे आधी होऊन गेलेला यहुदी आचार्य हिल्लेल यानेही, आपल्याला जे अप्रिय ते दुसऱ्याशी करू नये, हेच नियमशास्त्राचे सार असल्याचे सांगितले होते, अशी परंपरा आहे. म्हणून यहुदी धर्म म्हणजे केवळ नियमांचे जोखड आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे केवळ प्रीती, अशी सोपी विभागणी करणे बरोबर नाही. प्रत्येक धर्मात नियम आणि तत्त्व यांचा झगडा आतल्या आत चालू असतो.

येशूच्या चरित्रातही या झगड्याचे प्रसंग आहेत. विश्रामदिनाच्या नियमभंगाबद्दल त्याला दोष देण्यात आला, तेव्हा विश्रामदिन माणसासाठी आहे, माणूस विश्रामदिनासाठी नाही, अशी त्याची भूमिका होती. नियमाचा हेतू माणसाचे हित हा आहे आणि ज्या क्षणी नियम त्या हिताच्या आड येतो, त्या क्षणी त्याचा अधिकार संपतो, असा त्याचा अर्थ होय.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतरावर पुण्यात मोठे काहूर उठले, हे सर्वश्रुत आहे. परंतु धर्मांतरानंतर त्यांचा चर्चशीही संघर्ष झाला, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी स्पष्ट शंका विचारतात. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय बिशपांनी घ्यावा ही गोष्ट त्यांना मान्य झाली नाही. भारतातील पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर पुन्हा तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी कळवले. चर्चच्या आज्ञेपेक्षा आपल्या सदसद्विवेकाचा निर्णय त्यांनी श्रेष्ठ मानला. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झालेले शारदा सदन आणि पुढे केडगावचे मुक्ती सदन हे त्यांच्या श्रद्धेचे प्रत्यक्ष रूप होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू उचलून धरली. जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रकाशित झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की, ज्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या मुसलमान आणि पुत्र सत्यधर्मी असेल आणि तरीही सर्वजण एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहतील. धर्मस्वातंत्र्याची इतकी उदार कल्पना त्या काळात दुर्मीळच होती.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनमध्ये कार्य केले. परदेशी पद्धतीचे चर्च, त्याचे सभासदत्वाचे नियम आणि पगारी धर्मसेवा यांत ख्रिस्ताची शिकवण कोंडली जाते, असे त्यांना उत्तरोत्तर वाटू लागले. भजन आणि कीर्तन ही आपल्या मातीतील रूपे त्यांनी उपासनेत आणली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोहोंनाही त्यात स्थान होते. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती धर्माचा प्रवेशविधी. परंतु येशूच्या मार्गाने जाणाऱ्याला विधीच्या अभावी बाहेर ठेवू नये, असे टिळकांनी ठरवले.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्यांच्याकडे राहावयास येऊनही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला होता. जातिभेद हा देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला आहे, हे त्यांच्या मनाने घेतले तेव्हाच तो सुटला. त्यांनी सोवळे प्रथम सोडले आणि बाप्तिस्मा त्यानंतर घेतला, हा क्रम लक्षात घ्यावा. अंत्युखियाच्या पंक्तीचा प्रश्न नगर जिल्ह्यातील एका स्वयंपाकघरात अशा रीतीने सुटला.

आत्म्याचे स्वातंत्र्य आणि देहाची गुलामी

आता या विचाराची मर्यादा पाहू. पौलाचेच दुसरे एक छोटे पत्र फिलेमोन नावाच्या धनिकाला लिहिलेले आहे. त्याचा दास अनेसिम पौलाकडे आला आणि ख्रिस्ती झाला. पौलाने त्याला धन्याकडे परत पाठवले आणि त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे, अशी विनंती केली. दासाला बंधू म्हणणे ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. तथापि दास्यप्रथाच अन्यायकारक आहे, असे पौलाने त्या पत्रात म्हटलेले नाही.

ही उणीव सोळाव्या शतकात उघडी पडली. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. विश्वासामुळे माणूस कोणाचाही अंकित राहत नाही आणि प्रीतीमुळे तो सर्वांचा सेवक होतो, असा तिचा आशय आहे. पोपच्या सत्तेला तिने हादरा दिला. पाचच वर्षांनी, १५२५ साली, जर्मनीतील शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला. मेमिंगेन येथे तयार झालेल्या त्यांच्या बारा कलमी मागणीपत्रात, ख्रिस्ताने सर्वांना सारखेच मुक्त केले असल्यामुळे आम्हांला कोणाचे वेठबिगार म्हणून ठेवता येणार नाही, अशा अर्थाचे कलम होते. ल्यूथरने ते नाकारले. ख्रिस्ती स्वातंत्र्य हे आत्म्याचे आहे, त्याला देहाचे स्वातंत्र्य समजणे चूक आहे, अशी भूमिका घेऊन त्याने उठाव चिरडणाऱ्या राजांना पाठिंबा दिला. हजारो शेतकरी मारले गेले.

बाबासाहेबांची ख्रिस्ती धर्मावरील टीका या पार्श्वभूमीवर वाचावी. सोलापूर येथे १ जानेवारी १९३८ रोजी भारतीय ख्रिस्ती लोकांसमोर त्यांचे भाषण झाले. धर्मांतराचा विचार करताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींचा आपण विचार करतो, असे त्यांनी तेथे सांगितले. परंतु अस्पृश्य माणूस ख्रिस्ती झाला की आपले कर्तव्य संपले असे मिशनरी मानतात, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते लक्ष देत नाहीत, हा दोषही त्यांनी ख्रिस्ती श्रोत्यांनाच ऐकवला. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात, धर्मांतरानंतरही चर्चमध्ये जात टिकून राहिल्याचे आणि धर्मांतरिताच्या सामाजिक स्थितीत पुरेसा पालट न झाल्याचे त्यांनी साधार दाखवले आहे. जे स्वातंत्र्य प्रार्थनामंदिराच्या दारात संपते ते अपुरे आहे, हा या टीकेचा गाभा होय.

शासनानेही या अपुरेपणात भर घातली आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतर धर्मीयांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. शिखांचा समावेश १९५६ मध्ये आणि बौद्धांचा १९९० मध्ये झाला. धम्म स्वीकारल्याबद्दल चौतीस वर्षे केंद्रीय सवलतींपासून वंचित राहण्याची शिक्षा आपण भोगली आहे. दलित ख्रिस्ती मात्र त्या यादीबाहेरच राहिले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली सादर केलेल्या अहवालात अनुसूचित जातींचा दर्जा धर्माशी जोडू नये, अशी शिफारस केली. २०२२ साली केंद्र शासनाने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. ज्यांनी स्वतः हा अन्याय सोसला त्यांना या प्रश्नाकडे परका म्हणून पाहता येणार नाही.

धम्मातील नियम आणि तत्त्व

तथागतांनी या प्रश्नाचे उत्तर कोणत्या रीतीने दिले? माणसाला बांधून ठेवणाऱ्या दहा संयोजनांत तिसरे संयोजन 'सीलब्बतपरामास' हे आहे. व्रते आणि कर्मकांडे यांच्या आचरणानेच शुद्धी होते अशी घट्ट समजूत, असा त्याचा अर्थ. स्रोतापत्ती, म्हणजे मार्गावरील पहिली अवस्था, प्राप्त होण्यासाठी हे संयोजन तुटावे लागते. कर्मकांडावरील आसक्ती हे केवळ अज्ञान नसून ते बंधन आहे, असे धम्म मानतो.

विनयपिटकातील काही प्रसंग येथे पाहण्यासारखे आहेत. देवदत्ताने पाच कडक नियम सर्व भिक्खूंना आयुष्यभर बंधनकारक करावेत, अशी मागणी केली. अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचेच चीवर वापरावे, वृक्षाखालीच वास करावा आणि मत्स्यमांस खाऊ नये, असे ते नियम होते. भगवंतांनी ते सक्तीचे करण्यास नकार दिला; ज्याला पाळावयाचे असतील त्याने पाळावेत, असे सांगितले. दुसरा प्रसंग आपल्या प्रदेशाला जवळचा आहे. अवंती-दक्षिणापथातून महाकच्चायनांचा शिष्य सोण कुटिकण्ण हा भगवंतांकडे गेला. तिकडे भिक्खू थोडे आहेत, जमीन खडबडीत आहे, लोकांची रीत वेगळी आहे, असे सांगून त्याने नियमांत सवलती मागितल्या. उपसंपदेसाठी दहाऐवजी पाच भिक्खू पुरेत, जाड तळाची पादत्राणे वापरता यावीत, वारंवार स्नान करता यावे, अशा त्या मागण्या होत्या. भगवंतांनी त्या मान्य केल्या. महापरिनिर्वाणापूर्वी तर क्षुद्र-अनुक्षुद्र नियम संघाला वाटल्यास रद्द करता येतील, असेही त्यांनी आनंदाला सांगितले. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, ते नियम कोणते हे आनंदाने विचारून घेतले नसल्यामुळे, सर्वच नियम कायम ठेवण्याचा निर्णय झाला.

यावरून दिसते की, धम्मात नियम आहेत, परंतु ते ईश्वराची आज्ञा नाहीत. ते एखाद्या प्रसंगातून निर्माण होतात, परिस्थितीनुसार बदलतात आणि तत्त्वाची सेवा करतात. पंचशीलाला 'शिक्षापदे' म्हटले आहे, याचेही कारण हेच. कोणी वरून दिलेला हुकूम म्हणून नव्हे, तर स्वतःहून स्वीकारलेली शिस्त म्हणून उपासक ती घेतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना हाच भेद पुन्हा वापरला आहे. बुद्धांनी अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले, कारण तत्त्व माणसाला कृतीचे स्वातंत्र्य देते आणि नियम ते देत नाही, असे ते दाखवून देतात. १९३६ साली केलेला भेद बाबासाहेबांच्या अखेरच्या ग्रंथात बुद्धांच्या शिकवणीत सापडतो, हा त्यांच्या विचारांचा सलग धागा आहे.

श्रद्धा आणि मैत्री

ख्रिस्ती विचारातील 'विश्वास' आणि धम्मातील 'श्रद्धा' एकच नव्हेत. ख्रिस्ती विश्वासात माणूस ईश्वराच्या कृपेवर स्वतःला सोपवतो. त्याची मुक्ती ही देणगी असते. बाबासाहेबांनी १९५० साली 'महाबोधी'मध्ये लिहिलेल्या लेखात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना केली आहे. येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले. बुद्धांनी मात्र आपण मार्गदाता आहोत, मोक्षदाता नव्हे, असे सांगितले, हा भेद त्यांनी तेथे अधोरेखित केला आहे.

श्रद्धेचे स्वरूप 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात नागसेनांनी उत्तम रीतीने उलगडले आहे. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, त्याला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनांचे नाव मिळाले, त्या शहरातील वाचकांनी हे विवेचन अवश्य वाचावे. नागसेन दोन दृष्टान्त देतात. चक्रवर्ती राजाचा जलशोधक मणी गढूळ पाण्यात टाकताच पाणी निवळते, त्याप्रमाणे श्रद्धेने चित्त निवळते. पूर आलेल्या नदीकाठी लोक घाबरून उभे असतात. आपले सामर्थ्य ओळखणारा एक जण उडी घेऊन पलीकडे जातो आणि त्याला पाहून इतरही पार होतात, तशी श्रद्धा प्रयत्नाला प्रवृत्त करते. येथे श्रद्धा प्रयत्नाची जागा घेत नाही. ती प्रयत्न सुरू करून देते. ख्रिस्ती परंपरेतही कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, असे याकोबाच्या नावाचे पत्र बजावते, हे येथे लक्षात ठेवावे.

प्रीती आणि मैत्री यांच्यात मात्र अंतर कमी आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतः स्नान घातले आणि ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असे संघाला सांगितले. भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याला आधार देणाऱ्याने ते मलाच दिले, असे येशूचे म्हणणे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. दोन्ही गुरूंनी आपल्या पूजेची जागा दुःखी माणसाला दिली. बाबासाहेबांनी करुणेच्या पुढची पायरी म्हणून मैत्रीचा पुरस्कार केला : करुणा मनुष्यमात्रापुरती, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. प्रीती केवळ व्यक्तीच्या अंतःकरणात राहिली तर अनेसिम दासच राहतो. ती घटना, कायदा आणि समाजरचना यांत उतरली पाहिजे, हा बाबासाहेबांचा आग्रह होता.

आपल्या घरातील प्रश्न

आता हा आरसा आपल्याकडे वळवू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या नियम आहेत काय? त्यांतील काही प्रतिज्ञा जुन्या दैवतांचे आणि विधींचे बंधन तोडतात. काही समतेचे, शीलाचे आणि प्रज्ञेचे आचरण स्वीकारतात. तोडणे हे स्वीकारण्यासाठी आहे. जो केवळ तोडलेल्या गोष्टी मोजतो आणि स्वीकारलेल्या गोष्टी विसरतो, त्याच्या हाती नियम राहतो व तत्त्व निसटते.

आपल्या वस्त्यांत काय दिसते? पांढरी वस्त्रे, मेणबत्त्या आणि वंदनेचे शुद्ध पठण यांबाबत आपण काटेकोर असतो. परंतु वंदनेचा अर्थ किती घरांत समजावून सांगितला जातो? मंगल परिणय बौद्ध पद्धतीने होतो. तरीही त्याआधी पोटजात विचारली जाते आणि काही घरांत पत्रिका व मुहूर्तही पाहिला जातो. परित्राणपाठाचा धागा संकट टाळणारा ताईत म्हणून बांधला जातो. यालाच भगवंतांनी सीलब्बतपरामास म्हटले आहे. विधी करू नयेत असे कोणी म्हणणार नाही. समाजाला एकत्र आणण्यासाठी विधी लागतात. परंतु प्रत्येक विधीला तीन प्रश्न विचारता येतात : यामागचे तत्त्व कोणते? ते करणाऱ्याला समजले आहे काय? आणि यामुळे माणूस माणसाच्या जवळ येतो की दूर जातो?

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. अंत्युखियात पेत्राची श्रद्धा कमी नव्हती. तो केवळ आपल्या लोकांना भ्याला. आपणही मातंग, चर्मकार किंवा ख्रिस्ती झालेल्या आपल्याच भावकीतील घराशी सोयरीक जुळविताना, आपले लोक काय म्हणतील, या भीतीने मागे सरतो काय? जाहीर सभेत समतेचा उच्चार आणि घरात वेगळी पंक्ती, असे चालत असेल तर आपले धर्मांतर लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातील परिवर्तनापर्यंतही पोहोचलेले नाही, असे म्हणावे लागेल.

ख्रिस्ती परंपरेने नियमापेक्षा प्रीतीला श्रेष्ठ मानले, ही तिची मोठी देणगी आहे; त्या प्रीतीला सामाजिक न्यायाचे रूप देण्यात ती वारंवार कमी पडली, ही तिची मर्यादा आहे. धम्माने ईश्वराच्या कृपेवाचून, विवेक आणि मैत्री यांच्या आधारावर तोच मार्ग अधिक मोकळा केला आहे. तो मार्ग मोकळा ठेवणे मात्र ग्रंथाच्या हाती नसून उपासकांच्या हाती आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक विहारात वंदनेनंतर अर्धा तास तिच्या अर्थासाठी राखून ठेवावा आणि धम्मपरिषदेच्या भोजनाला शेजारच्या वस्तीतील सर्वांना, त्यांचा धर्म व जात न विचारता, सन्मानाने बोलवावे. सुरुवात करण्यासाठी एवढे पुरेसे आहे.